इंजिन अर्धं गेलं तरी ते गेलंच समजा

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या एका तरुण इंजिनिअरने चिंचोळी एमआयडीसीतल्या शेडमध्ये दोन आसनी किट विमान बांधलं आहे. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्तीचं. जमिनीवर पूर्ण थ्रॉटल दिला की ५,२०० आरपीएम (मिनिटाला फेरे) मिळतो. पण उन्हात काही मिनिटं चाललं की तो पाचशे-सहाशेने खाली येतो, इंजिन थोडा वेळ खरखरतं आणि मग आपोआप सावरतं. ते विचारतात: हेच टेकऑफनंतर तीन-चारशे फुटांवर झालं तर वळून धावपट्टीवर परत यावं का? आणि ते जमणार नसेल तर आपल्या भागात कुठल्या रानात उतरावं?

लहान विमानं शिकवण्यात आणि दुरुस्त करण्यात माझं बहुतेक आयुष्य गेलं आहे. उत्तर लांबणार आहे, तेवढं निवांत वाचा.

सगळ्यात आधी: ज्या इंजिनाचा आरपीएम जमिनीवर असा पडतो आणि का पडतो हे कळलेलं नाही, ते विमान उडवू नका. ‘आपोआप सावरतं’ यावर तुमचा भरवसा बसलाय असं प्रश्न वाचून वाटलं, आणि मला काळजी त्याचीच आहे. शेडपुढे उभ्या विमानात इंजिनाला सावरायला पंधरा सेकंद लागले तर काही बिघडत नाही. चारशे फुटांवर इंजिनाशिवाय तुमच्या हातात एकूण अर्धा मिनिट असतो, आणि त्यातले पहिले तीन-चार सेकंद ‘हे काय झालं?’ यातच जातात. तुमचा उत्साह मोडायचा नाहीये मला. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळवली, तेव्हापासून आपल्याकडची कितीतरी पोरं हे स्वप्न बघायला लागली आहेत. ती पोरं आणि त्यांची विमानं दोन्ही शाबूत राहावीत, एवढ्यासाठी हे लिहितोय.

आता मूळ मुद्दा. इंजिन धाडकन बंद पडलं तर निर्णय सोपा असतो, कारण पर्यायच उरत नाही. घात करतं ते अर्धवट चालणारं इंजिन. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २००० ते २०१० या काळातल्या एक इंजिनाच्या विमानांच्या घटना तपासल्या. टेकऑफनंतर ताकद अर्धवट गेल्याच्या २४२ घटना होत्या, त्यांतल्या ९ जीवघेण्या ठरल्या. इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या घटना ७५, आणि त्यांत जीवघेणी एकही नव्हती. पहिल्यांदा हे आकडे बघितले की माणूस चक्रावतो. पण कॉकपिटमध्ये काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. इंजिन खरखरतंय, पण ओढतंय. वैमानिकाला वाटतं, एवढ्यावर पोचू धावपट्टीपर्यंत. उंची राखायला तो नकळत स्टिक मागे ओढतो, वेग हळूहळू उतरतो. धावपट्टी डोळ्यांपुढून जाऊ नये म्हणून तो वळायला लागतो, आणि वळताना उरलीसुरली ताकदही जाते. आता विमान सावकाश आहे, कललेलं आहे आणि खाली उंची नाही. स्टॉल, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल सुटणं, तिथे होतो, एक पंख पडतो आणि त्यातून सावरायला जागा राहत नाही.

म्हणून माझा नियम: इंजिनाची ताकद अर्धी गेली, की रान निवडण्यापुरतं ते पूर्ण गेलंच समजा. उरलेल्या ताकदीचा उपयोग अधिक चांगल्या रानापर्यंत जाण्यासाठी करा, पण या क्षणी इंजिन थांबलं तर कुठे उतरायचं हे ठिकाण प्रत्येक सेकंदाला ग्लाइडच्या, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत खाली येण्याच्या, टप्प्यात हवं. आरपीएम स्थिर आहे, विमान उंची धरून आहे आणि खाली एकामागोमाग एक उतरण्याजोगी रानं आहेत, तर हलक्या वळणांनी परत यायला माझी हरकत नाही. यांतली एक जरी गोष्ट कमी असेल तर समोर उतरा. आणखी एक: रान नक्की हातात आलं, की थ्रॉटल स्वतः बंद करा. जमिनीपासून दहा फुटांवर नाक उचलत असताना मेलेलं इंजिन अचानक जागं झालं, तर जुळवून आणलेलं सगळं बिघडतं.

परत वळण्याचा हिशेब कागदावर करून बघा. समजा तुमचा ग्लाइडचा वेग ताशी १०८ किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. ४५ अंश कलवून वळलात तर वळणाची त्रिज्या होते सुमारे ९२ मीटर. उलट दिशेला तोंड झालं तेव्हा तुम्ही धावपट्टीच्या रेषेपासून १८० मीटरहून जास्त बाजूला असता. म्हणजे १८० अंशांवर काम भागत नाही. आणखी चाळीसेक अंश वळून रेषेकडे यायचं आणि मग उलटं तेवढंच वळून तिच्यावर सरळ व्हायचं. ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो: सरळ उडताना ७० ला स्टॉल होणारं विमान तिथे ८३ ला होतं. आणि एवढं करून तुम्ही उतरणार वाऱ्याच्या पाठीवर. ताशी २० किलोमीटरचा वारा धरा. ८० ला टेकणारं विमान वाऱ्याच्या तोंडाला उतरलं तर जमिनीवर त्याचा वेग ६०, पाठीवर उतरलं तर १००. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट.

तुमच्या विमानाला परत वळायला किती उंची लागते हे मला सांगता येणार नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या विमानाचा आकडा तुम्ही वापरूही नका. मोजून काढा. चाचणीच्या उड्डाणांत, जमिनीपासून तीनएक हजार फुटांवर, चढतीचा वेग धरा आणि थ्रॉटल बंद करा. चार सेकंद काहीच करू नका, कारण खऱ्या वेळी तेवढे जाणारच आहेत. मग नाक खाली घालून २७० अंश वळा आणि किती उंची गेली ते लिहून ठेवा. बऱ्याचदा करा. सर्वांत वाईट आकड्यात निम्मी भर घाला. ही झाली तुमची उंची. तिच्याखाली वळणाचा विचारसुद्धा नाही, समोर डावी-उजवीकडे तीसेक अंशांत जे मिळेल ते. हा आकडा कॉकपिटमध्ये समोर लिहून चिकटवा.

आणि निर्णय टेकऑफच्या आधी घ्या, मोठ्याने बोलून. माझे विद्यार्थी धावपट्टीच्या टोकाला उभं राहून मराठीतच बोलायचे: ‘पूर्ण थ्रॉटलला पाच हजारांच्या खाली आरपीएम, तर थांबणार. निम्म्या धावपट्टीला उडण्याच्या वेगाच्या सत्तर टक्के वेग नाही, तर थांबणार. उडाल्यावर इंजिन गेलं तर नाक खाली, समोर, त्या पडीक रानात.’ शेजारी कुणी नसलं तरी बोला. तोंडून निघालेलं वाक्य हाताला आठवतं. धावपट्टीवर विमान अजून पळत असतानाच इंजिन पुष्कळदा आपली तक्रार सांगतं. ती ऐकायची तयारी आधी हवी.

नाक खाली घालणं ऐकायला सोपं वाटतं. चढतीत नाक वर असतं, समोर आकाश असतं. इंजिन गेलं की हलक्या, उघड्या बांधणीच्या विमानाचा वेग दोन-तीन सेकंदांत ओसरतो. त्या क्षणी शरीराला जमिनीकडे तोंड करायचं नसतं. स्टिक नुसती सोडून भागत नाही, ढकलावी लागते, ग्लाइडचा वेग दिसेपर्यंत. हे हाताला सवयीने यावं लागतं. त्यामुळे पहिल्या उड्डाणाआधी तशाच वजनाच्या दुसऱ्या विमानात, शिक्षक शेजारी बसवून, याचा सराव करा.

वेग धरला, रान निवडलं, मगच इंजिनाकडे बघायचं. मदतीचा इंधन पंप चालू, दुसरी टाकी, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) असेल तर पूर्ण, इग्निशनचे दोन्ही स्विच जागेवर. एवढंच, आणि पाच सेकंदांत. चारशे फुटांवर झालं असेल तर हेसुद्धा सोडून द्या. कार्ब हीटबद्दल एक सांगतो: कार्ब्युरेटरमध्ये बर्फ असेल तर हीट दिल्यावर इंजिन आधी आणखी खरखरतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. घाबरून लगेच बंद करू नका. सोलापुरात कसला आलाय बर्फ, असं वाटेल. पण बर्फ बाहेरच्या थंडीने होत नाही. हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून (व्हेंचुरी) जाताना आणि पेट्रोलची वाफ होताना तापमान वीस-तीस अंशांनी खाली येतं. श्रावणातली ओली, पंचवीस अंशांची हवा त्याला पुरते.

टाकी बदलायची खटकी कुठे बसवली आहे? घरी बांधलेल्या विमानात हा प्रश्न जिवाचा आहे, कारण ती कुठे बसवायची हे बांधणारा ठरवतो. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला लाँग-ईझी या घरी बांधलेल्या विमानात गेले. त्या विमानात बांधणाऱ्याने खटकी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिच्यापर्यंत पोचायला अंग पिळवटून मागे वळावं लागे, आणि तसं वळताना पाय रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, पेडलवर दाबला जाण्याची दाट शक्यता तपासात मांडली गेली. पट्टे आवळून बसा, डोळे मिटा आणि खटकी फिरवून बघा. हात सरळ तिच्यावर पडला नाही तर जागा बदला. महिन्याभराचं काम वाढलं तरी बदला.

आता आपल्या रानांकडे येतो, कारण परदेशी पुस्तकांत ज्वारीचा पत्ता नसतो.

आपल्याकडे सर्वांत आधी तारा बघायच्या. होटगी रोडच्या विमानतळाजवळच्या साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, त्याआधी कित्येक वर्षं सगळं सोलापूर त्या चिमणीवर बोलत होतं. चिमणी दहा किलोमीटरवरून दिसते. शेतातल्या मोटरीला गेलेली तार दोनशे मीटरवरूनही दिसत नाही. ती बघण्याचा प्रयत्न सोडा आणि खांब शोधा. बांधावरच्या खांबांची रांग, विहीर, तिच्याजवळची डीपी. एक विहीर दिसली की तिथे कुठून तरी तार आलीच आहे असं धरा. मोठ्या लाइनी वेगळ्या. रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन ३१ डिसेंबर २०१३ ला सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी एकाच फ्रिक्वेन्सीने जोडलं गेलं. शिवाय फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पातून निघणाऱ्या लाइनी आहेत. त्यांचे जाड दोर दिसतात, पण सर्वांत वरची बारीक तार दिसत नाही. ओलांडायचीच वेळ आली तर मनोऱ्याच्या डोक्यावरून ओलांडा, दोन मनोऱ्यांच्या मधून नको. आणि ग्लाइड करत असाल तर अशा लाइनीच्या अलीकडचं वाईट रान पलीकडच्या चांगल्या रानापेक्षा बरं.

पिकांचं सांगायचं तर वर्षभर एकच उत्तर नाही. फेब्रुवारी-मार्चात ज्वारी काढून झाली की मंगळवेढ्यापासून अक्कलकोटपर्यंत उतरायला त्यासारखी रानं नाहीत. सपाट, लांब, धसकटं वीतभर. चाकाला धसकटं लागतील, विमान खडखडेल, पण थांबेल. कडब्याच्या गंजी तेवढ्या टाळा. एप्रिल-मेमध्ये तेच रान नांगरून टाकलेलं असतं आणि काळ्या मातीची ढेकळं घमेल्याएवढी असतात. पुढचं चाक त्यात अडकलं की विमान नाकावर जातं. नांगरलेल्यात उतरायचंच असेल तर नांगराच्या तासांच्या दिशेने उतरा, वारा थोडा बाजूने आला तरी चालेल. कुळवलेलं रान नांगरलेल्यापेक्षा पुष्कळ चांगलं. वरून त्याचा रंग एकसारखा, मऊ दिसतो, नांगरटीत सावल्यांचे ठिपके दिसतात. पावसाळ्यात काळ्या रानात उतरलात तर चाकं रुततील आणि विमान उलटं होईल असंच धरून चला. तेव्हा मुरमाड माळ शोधा. माळावर दगड असतात, हे खरं. चाकं मोडतील, पण विमान घसरत थांबेल, आणि घसरत थांबणारं विमान माणसाला वाचवतं.

उभी ज्वारी माणसापेक्षा उंच असते, ऊस त्याहून उंच आणि दाट. दुसरं काही नसेल तर पिकाचा शेंडा हीच जमीन मानून, वेग शक्य तितका कमी करून त्यावर बसायचं. ऊस विमानाला पटकन धरतो आणि बहुधा उलटं करतो. खांद्याचे पट्टे घट्ट असतील तर माणूस यातून चालत बाहेर येऊ शकतो. द्राक्षबागेत मात्र नको, कुठल्याही परिस्थितीत नको. वरून ती हिरवी गादी वाटते, पण आत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा आहेत, त्याही कॉकपिटच्या उंचीला. पंढरपूरकडे उडताना हे लक्षात ठेवा. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागांवर हल्ली जाळ्या आणि कापडं टाकतात, ती दुरून तलावासारखी चमकतात, त्याही टाळा. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद तर चालत्या माणसालाही बाहेर येऊ देत नाही. कठडा नसलेल्या विहिरी आपल्याकडे अजून कितीतरी आहेत आणि उंचीवरून त्या झाडाच्या सावलीसारख्या वाटतात.

हायवे सगळ्यांना सुचतो. पुणे रोड असो की विजयपूर रोड, मधला दुभाजक, दिव्यांचे खांब, आडव्या तारा, ट्रक, दुचाकीवर पोरांना घेऊन निघालेली माणसं. आपल्या हौसेची किंमत दुसऱ्याने मोजू नये, म्हणून मी रस्ता यादीतच ठेवत नाही. हिप्परग्याच्या तलावात किंवा उजनीच्या फुगवट्यावर उतरण्याचं म्हणाल, तर न मिटणाऱ्या चाकांचं विमान पाण्याला टेकताच पालथं होतं. पाणी अगदी शेवटचा पर्याय, आणि तोही काठाजवळ.

वारा कुठून आहे हे इंजिन गेल्यावर शोधायचं नसतं, उडताना सतत माहीत हवं. गाळपाच्या दिवसांत आपण नशीबवान आहोत, इतके कारखाने आहेत की कुठल्या ना कुठल्या धुराड्याचा धूर दिसतोच, नाहीतर कुणीतरी पाचट पेटवलेलं असतं. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा, दिवाळीनंतर पूर्वेकडचा. उन्हाळ्यात दुपारी वावटळी उठतात, तेव्हा हलकं विमान घेऊन उडूच नये. होटगी रोडची धावपट्टी साधारण वायव्य-आग्नेय आहे. वायव्येला उडालात तर पुढे शहर आहे. वारा मंद असेल तर आग्नेयेला उडा, पुढे रानं आहेत.

उन्हाचाही हिशेब करा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० फुटांवर आहे. ४२ अंश तापमानात इथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. टर्बो नसलेल्या इंजिनाची १५ टक्क्यांच्या आसपास ताकद बसल्या जागी जाते. चढती मंदावते, म्हणजे ‘वळायचं नाही’ या टप्प्यात तुम्ही जास्त वेळ राहता. शिवाय वेगदर्शक तेच दाखवत असला तरी जमिनीवरचा खरा वेग सात-आठ टक्क्यांनी जास्त असतो. चाचणीची उड्डाणं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी करा.

टेकतानाचं एकच सूत्र धरा: विमान सरळ, पंख समतल, वेग कमीत कमी, आणि चाकं टेकल्यानंतरही शेवटच्या मीटरपर्यंत नियंत्रण सोडायचं नाही. ८० किलोमीटरच्या वेगाने टेकलेलं विमान तीन मीटरच्या आत एकसारखं थांबलं तरी शरीराला बसणारा धक्का साधारण ९ जी, म्हणजे वजनाच्या नऊपट, असतो, आणि नीट बांधलेलं शरीर तेवढा सहन करतं. म्हणजे मोकळं रान पाचशे मीटर हवं असा हट्ट नको. दोन झाडांच्या मधून पंख मोडून घेत गेलात तरी चालेल. धडासमोर भक्कम काही नको, एवढं पाहा. त्याआधी इंधन बंद, इग्निशन बंद, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) विजेवर चालत असतील तर ते उतरवून मग मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, कॅनपी (डोक्यावरचं पारदर्शक झाकण) किंवा दार थोडं उघडं, म्हणजे सांगाडा वाकला तरी ते अडकणार नाही. रेडिओवर ‘मेडे’ ही संकटाची हाक वेळ असेल तरच. ज्या विमानावर तुम्ही रात्री जागवल्या ते वाचवायचा मोह त्या क्षणी होतो, आणि चाकं वाचवायला म्हणून माणसं दूरचं गुळगुळीत रान गाठायला जातात. मनातल्या मनात विमानावर आधीच पाणी सोडा.

उतरल्यावर लांब जा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. दहा मिनिटांत गाव जमेल. पेट्रोल सांडलेलं असेल, कुणाच्या हातात बिडी असेल, पोरं पंखावर चढतील. एखाद्या पोक्त माणसाला गाठा आणि लोकांना लांब ठेवायला सांगा, गावात त्याचं ऐकतात. मग ११२.

आता तुमच्या आरपीएमचं. गरम झाल्यावर पडतो आणि नंतर सावरतो, यावरून माझा पहिला संशय इंधनपुरवठ्यावर आहे. काऊलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आत पेट्रोल तापून नळीत वाफ होते, पंप वाफ ढकलू शकत नाही, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होते. इंजिन मंदावलं की मागणी घटते, वाटी पुन्हा भरते आणि इंजिन सावरतं. तुमच्या खुणांशी हे जुळतं. रोटॅक्समध्ये ही वाफ टाकीत परत नेणारी रिटर्नची नळी असते. काही बांधणारे कटकट नको म्हणून ती गाळतात. तुम्ही बसवली आहे का, बघा. नळ्यांवर आगरोधक बाही आहे का, नळ्या सायलेन्सरपासून किती लांब आहेत, तेही बघा.

मग पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच कारखान्यांच्या उसातून ते इथेनॉल येतं आणि शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण रोटॅक्सची मान्यता १० टक्क्यांपर्यंतच आहे. जास्त इथेनॉलने मिश्रण पातळ होतं, ते पाणी ओढून घेतं, आणि काही नळ्या, सील आणि फायबरच्या टाकीतलं रेझिन त्याने सुटायला लागतं. तपासणं सोपं आहे. खुणांच्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर पाणी घ्या, वर ९० मिलिलिटर पेट्रोल घाला, हलवा, ठेवा. खालच्या थराची रेघ १० वर राहिली तर इथेनॉल नाही. पंचविशीच्या पुढे गेली तर उत्तर मिळालं. माझा सल्ला एव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या खास पेट्रोलचा. महाग पडेल, शिशामुळे तेलही लवकर बदलावं लागेल, तरी तोच.

आणि फ्लो टेस्ट. ही केल्याशिवाय घरी बांधलेलं विमान उडू नये असं माझं ठाम मत आहे. शेपटी खाली टेकवून नाक चढतीच्या सर्वांत तीव्र कोनात आणा, कार्ब्युरेटरजवळ नळी सोडवा आणि मापाच्या भांड्यात पेट्रोल सोडा. तुमचं इंजिन टेकऑफला ताशी सुमारे २७ लिटर पितं. पंपाने पुरवठा असेल तर त्याच्या १२५ टक्के यायला हवं, नुसत्या उताराने येत असेल तर १५० टक्के. म्हणजे पंपाने एक लिटर भरायला १०७ सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत, उताराने ८९. टाकी जवळजवळ रिकामी असतानाही तेवढंच यायला हवं. आणि एका लिटरवर थांबू नका, दहा मिनिटं चालू ठेवा. एका शेडमध्ये आम्ही अशी चाचणी करत होतो. पहिले तीन लिटर सुरेख आले, मग धार बारीक होत होत करंगळीएवढी, मग थेंब. टाकीचं झाकण सैल केलं, आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि धार पुन्हा जोमाने सुरू झाली. टाकीत हवा सोडणाऱ्या, पंखाखालच्या व्हेंटच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं. बारीक तार घातली तेव्हा वाळलेली माती आणि आतली अळी बाहेर आली. विमान पंधरवडाभर उभं होतं, तेवढे दिवस तिला पुरले. व्हेंटच्या तोंडाला बारीक जाळी बसवा आणि विमान उभं असताना लाल फीत लावलेली टोपी घाला.

हे सगळं नीट निघालं तर दोन्ही कार्ब्युरेटर उघडून तरंगे (फ्लोट) काढा आणि वजन करा. तरंगा पेट्रोल शोषून जड झाला की वाटी भरून वाहते आणि इंजिन असंच खरखरतं. आरपीएम पडतो त्या क्षणी इंधनाचा दाब किती आहे हे कुणाला तरी शेजारी बसवून लिहून घ्या, ०.१५ बारच्या खाली जात असेल तर दोष टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी आहे, दाब ठीक असेल तर कार्ब्युरेटरकडे वळा. इंजिन चालू असताना प्रोपेलरच्या रेषेत कुणाला उभं करू नका. दाबाचा आकडा, फ्लो टेस्टचे सेकंद आणि काचेच्या नळीतली रेघ, हे तिन्ही लिहून पाठवा, मग पुढचं बोलू.